जावईबापूंची मंजुरी

उज्वला मॅडमनी फळ्यावर एक मोठी चौकट काढली, चौकटीबाहेर एक काडीमाणूस काढला, त्याच्या पायाखाली ‘योगेश’ असं लिहिलं, आणि तिथेच भांडणाला तोंड फुटलं.

“मी बाहेर का?” योगेशनं विचारलं.

“सर, ही चौकट म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर. ते वापरणारी माणसं बाहेर काढायची असतात. आत फक्त कामं येतात.”

“सगळी माणसं बाहेर?”

“सगळी. अण्णासुद्धा.”

“मग आधी अण्णांना काढा. माझ्यापासून कशाला सुरुवात?”

खिडकीपाशी बसलेला वाल्मीक मोठ्यानं हसला. “मॅडम, दाजींना आत घ्या बरं. त्यांना बाहेरचं म्हटलेलं लय लागतं.”

योगेशच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हसण्यासारखं त्यात काहीही नव्हतं, निदान त्याच्यासाठी तरी नव्हतं.

विंचूरच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेली गोजराई हायटेक नर्सरी ही सावळीराम अण्णांची. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना विकायची, हा त्यांचा धंदा. वाल्मीक अण्णांचा मुलगा, मनीषा मोठी मुलगी, आणि योगेश देवरे हा मनीषाचा नवरा. मूळचा सटाण्याकडचा. लग्नानंतर त्याचं खताचं दुकान बसलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, “आमच्याकडं या जावईबापू, जरा हातभार लावा.” तो हातभार लावायला आला आणि अकरा वर्षं झाली तरी इथेच होता. त्याला टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली, दारावर पडदा असलेली खोली मिळाली. हुद्दा मात्र मिळाला नाही. सासरा त्याला जावईबापू म्हणे, मेहुणा दाजी म्हणे, शेडनेटमधल्या बायकाही जावईबापूच म्हणत. आणि त्याची पाठ वळली की सगळे मिळून घरजावई म्हणत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अण्णांच्या घरात एक कायदा होता. जावयाला उणा शब्द बोलायचा नाही, आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचा नाही. एखादा शेतकरी वाळलेल्या रोपांचा ट्रे घेऊन शिव्या देत आला की अण्णा हाक मारीत, “वाल्मीक, बघ रे.” चूक वाल्मीकची असो, कामगाराची असो की पडद्यामागच्या जावईबापूंची असो, शिव्या खायला पुढं व्हायचं ते वाल्मीकनं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो कारभार. लोकांची आईबहीण ऐकून ऐकून वाल्मीकचं डोकं पिकलं होतं, आणि त्या सगळ्या शिव्या त्यानं मनात दाजींच्या नावावर लिहून ठेवल्या होत्या. योगेशलाही त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मेहुण्याचा जन्मच त्यासाठी आहे असं तो धरून चालला होता.

यंदा अण्णांनी ठरवलं की नर्सरीची रीतसर कंपनी करायची. पाडव्याला मुहूर्त. संचालक तीन. पहिलं नाव अण्णांचं, दुसरं वाल्मीकचं. तिसऱ्यावर अण्णा थांबले आणि म्हणाले, “तिसरं बघू. नाशिकहून ते सॉफ्टवेअरवाले येणार हायेत. कोण काय काम करतं ते एकदा कागदावर येऊ द्या. ज्याचं काम, त्याचं नाव.”

त्या दिवसापासून योगेशला घास गोड लागेना. तिसरं नाव आपलं झालं की घरजावई हा शब्द मेला, एवढंच त्याला दिसत होतं. आणि नाही झालं, तर तो जन्मभर या घरात पाहुणा.

उज्वला मॅडम चाळिशी ओलांडलेल्या, किरकोळ बांध्याच्या आणि आवाजानं खणखणीत. सातपूरचे कारखानदार, द्राक्षवाले, दवाखानेवाले, सगळ्यांकडे जाऊन ‘तुम्हाला सॉफ्टवेअरनं नेमकं काय करून हवंय’ हे काढून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती: सॉफ्टवेअर मागणाऱ्यांपैकी निम्म्यांना सॉफ्टवेअर नको असतं, घरातला कोणीतरी नको असतो. इथे पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी ते ओळखलं आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

“आपण एकेक काम घेऊ,” त्या म्हणाल्या. “याला आम्ही युज केस म्हणतो. काम कोण सुरू करतं, त्याला त्यातून काय हवं असतं, पहिली पायरी, दुसरी पायरी, शेवट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मध्येच बिघडलं तर काय. पहिलं काम सांगा.”

“बुकिंग,” वाल्मीक म्हणाला. “शेतकरी फोन करतो. मनीषाताई बुकिंग घेते. तारीख देते. झालं.”

“झालं कसं?” योगेश म्हणाला. “मध्ये माझी मंजुरी लिहा.”

“तुमची मंजुरी? ताई तुम्हाला विचारून बुकिंग घेते कधी?”

“आता घेईल.”

शेजारच्या टेबलावर मनीषाच बसली होती. फोन कानाला लावून ती येवल्याच्या कोणाला तरी मिरचीची तारीख देत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये घातली.

“मॅडम, जे आज होत नाही ते लिहून काय उपयोग?” वाल्मीकनं विचारलं.

“आज काय होतं तेही लिहीन, उद्या काय हवं तेही लिहीन,” उज्वला मॅडम म्हणाल्या. “पण एक सांगते योगेश सर. मंजुरीची पायरी घातली की तिच्यामागे ‘बिघडलं तर’ येतं. ज्यानं हो म्हटलं, फोन त्याचा वाजतो.”

“वाजू द्या. तुम्हाला लिहायला पाठवलंय, लिहा. शिकवायला नाही.”

उज्वला मॅडमनी बुकिंगपासून एक रेघ ओढली आणि योगेशच्या काडीमाणसाच्या हातात नेऊन दिली.

त्या दिवसापासून दर बुधवारी मॅडम यायच्या आणि दर बुधवारी हेच चालायचं. बियाणं कोणतं टाकायचं? मंजुरी योगेशची. ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट कधी मागवायचं? मंजुरी योगेशची. गाडी कोणत्या रस्त्यानं जाणार, हेसुद्धा त्याला विचारून. फळ्यावर त्याच्या काडीमाणसाला इतक्या रेघा येऊन चिकटल्या, की तो माणूस आहे की दोऱ्यांचा गुंता ते कळेना. योगेशला मात्र ते चित्र फार आवडलं. एकदा दुपारी कोणी नाही असं बघून त्यानं मोबाइलवर त्याचा फोटोही काढून घेतला.

वाल्मीक सुरुवातीला प्रत्येक रेघेला आडवा आला. वादावादी व्हायची, आवाज चढायचे, शेडनेटमधल्या बायका काम टाकून कान द्यायच्या. एकदा तर वाल्मीक म्हणाला, “दाजी, तुम्ही नेटमधे पाय ठेवून किती महिने झाले? तिथं रोप हाय का माठाची भाजी हाय, ते तरी ओळखाल का?” योगेशनं टेबलावरचा ग्लास आपटला आणि थेट अण्णांकडे गेला. अण्णांनी मुलाला चारचौघांत झापलं. जावयाला उणा शब्द गेला होता.

योगेश तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं नाशिकला उज्वला मॅडमच्या साहेबाला फोन लावला आणि सांगितलं, की बाई उद्धट आहे, उलटून बोलते, दुसरं कोणी पाठवा. दुसरं कोणी नव्हतंच. साहेबानं मॅडमना केबिनमध्ये बोलावून सुनावलं, “क्लायंट म्हणेल ते लिहायचं. तुझी अक्कल इथे गंगापूर रोडला, ऑफिसात ठेवून जात जा.”

पुढच्या बुधवारी मॅडम आल्या त्या वेगळ्याच. त्यांनी ना समजावलं, ना सुचवलं. “बोला सर. लिहिते,” एवढंच. योगेशला वाटलं, बाई वठणीवर आली. बाई वठणीवर आली नव्हती, बाईनं हात झटकले होते. पण हा फरक कळायला समोरच्या माणसाकडे थोडं बघावं लागतं, आणि योगेशला फळ्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी विषय होता वय उलटलेल्या रोपांचा. फ्लॉवरचं रोप ट्रेमध्ये फार दिवस राहिलं की म्हातारं होतं. दिसायला हिरवंगार, पण शेतात लावलं की गड्डा धरतच नाही नीट, लिंबाएवढा होऊन बसतो. एखाद्यानं बुकिंग करून रोपं नेली नाहीत, की असे ट्रे मागे उरतात. नर्सरीत त्याचा निकाल सहादू लावायचा. हा सहादू शेडनेटचा मुकादम, त्याचा नियम सरळ होता. म्हातारं रोप खड्ड्यात.

“लिहा, फेकून द्यायचं,” वाल्मीक म्हणाला. “यात मंजुरीबिंजुरी नाय.”

“सगळंच कशाला फेकायचं? एखादं चांगलं असतं,” योगेश म्हणाला. “द्यायचं की नाही ते मी ठरवीन. मॅनेजर म्हणून माझं नाव घाला आणि लिहा मॅडम, वय उलटलेलं रोप मॅनेजरच्या मंजुरीनं देता येईल.”

उज्वला मॅडमनी लिहिलं आणि न बघता विचारलं, “आणि पुढे तक्रार आली तर?”

“तक्रारीचा शेवटचा निर्णयही माझाच.”

“निर्णयाआधी पाहणी लागते. शेतावर कोण जाणार?”

“मीच. मॅनेजर स्वतः जाऊन पाहणी करतील आणि ग्राहकाला उत्तर देतील. लिहा.”

वाल्मीकनं आडवं यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तो दाजींकडे बघत राहिला, मग खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बरोबर हाय. दाजी म्हणतात ते बरोबर हाय. मॅडम, हे ठळक अक्षरात घ्या.”

त्यानंतर वाल्मीकनं एकाही रेघेला विरोध केला नाही. योगेशला वाटलं, आपण जिंकलो. रात्री जेवताना त्यानं बायकोला तसं बोलूनही दाखवलं.

“इतकं अंगावर कशाला घेताय?” मनीषा म्हणाली. “अहो, झेपेल तेवढंच मागावं माणसानं.”

“तुला भावाचाच पुळका. तुझ्या बापाच्या घरात मला बसायला जागा मिळवून देता आली नाही तुला, आणि मी मिळवतोय तर तीही बघवत नाही.”

मनीषा उठली. हात धुतले. “जागा होती,” ती म्हणाली, “तुम्ही खुर्ची मागत बसलात.” आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. योगेशला राग आला, पण कशाचा ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

शेवटचा बुधवार उजाडला. आज सगळी कामं पहिल्यापासून वाचायची, सगळ्यांनी हो म्हणायचं आणि सह्या करायच्या. अण्णा स्वच्छ टोपी घालून मधल्या खुर्चीत बसले होते. मॅडमनी लॅपटॉपवरची पानं प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडली होती. योगेश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मॅडम एकेक काम वाचत होत्या आणि प्रत्येक कामात कुठे ना कुठे त्याचं नाव येत होतं. अण्णा मान डोलवत होते. “जावईबापूंनी लय जबाबदारी घेतली की,” ते म्हणाले, आणि योगेशला अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाहेर जीपचं दार आपटलं आणि एक धिप्पाड म्हातारा पाठीवर पोतं घेऊन सरळ आत आला. त्याला बघून योगेशचं तोंड पडलं. तो फकिरा आबा होता, योगेशच्या गावचा, त्याच्या भावकीतला, घरापासून चौथं घर.

फकिरा आबानं पोतं अण्णांच्या पायापाशी उलटं केलं. फ्लॉवरची झाडं जमिनीवर पसरली. पानं चांगली हातभर आणि मधोमध गड्डा लिंबाएवढा.

“योग्या,” फकिरा आबा गावच्या अहिराणीत म्हणाला, “हाई काय शे?”

आबानं एक गड्डा पायानं त्याच्याकडे ढकलला.

“मना बठ्ठा वावर असाच शे. पोळाना टायमाले तू फोनवर सांगं, आबा, चांगलं रोप शे, घरनाच मानूस म्हनीसन देस. तुना शबदवर मी लाई दिधं. आते बोल.”

आबाचं सगळं वावर वाया गेलं होतं, आणि घडलं होतं ते असं. पोळ्याच्या सुमारास गाडी घेऊन फकिरा आबा आला, तेव्हा सहादूनं फ्लॉवरचे म्हातारे ट्रे खड्ड्याकडे नेऊन ठेवले होते. ताजं रोप तयार नव्हतं. गावचा माणूस रिकाम्या हातानं परत गेला तर गावात आपली काय किंमत राहिली, म्हणून योगेशनं पडद्यामागूनच सहादूला फोन केला, “तेच दे.” सहादू नको म्हणाला. योगेश म्हणाला, “मी सांगतोय ना.” मग आबालाही त्यानं फोनवरच सांगितलं, की रोप चांगलं आहे. उठून चार पावलं जाऊन ते ट्रे बघावेत असंही त्याला वाटलं नाही. सहादूनं ही गोष्ट वाल्मीकच्या कानावर घातली होती. आणि गड्डे धरत नाहीत म्हणून फकिरा आबानं नर्सरीत फोन केला, तेव्हा नेहमीप्रमाणे तो वाल्मीकनंच उचलला होता. वाल्मीक त्याला म्हणाला होता, “आबा, बुधवारी या. दाजी नक्की सापडतील.”

अण्णांनी खाली वाकून एक गड्डा हातात घेतला, फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. पण जन्माची सवय जात नाही. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, “वाल्मीक, जा रे, आबांच्या वावरात जाऊन बघून ये. जावईबापूंना कुठं एवढ्या लांब पाठवायचं.”

“मी जाणार नाय,” वाल्मीक म्हणाला.

“काय म्हणाला?”

“अकरा वर्षं गेलो अण्णा. यांच्या चुका मी निस्तरल्या आन् यांनी पडद्यामागं चहा पिला. लोकांनी माझी आई काढली, ती ह्यांची पण सासू हाय ना? आता कागदावर ठरलंय. कागद वाचा.”

अण्णांनी उज्वला मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पान मागे नेलं आणि कोरड्या आवाजात वाचलं, “वय उलटलेलं रोप मॅनेजरच्या मंजुरीनं देता येईल. तक्रार आल्यास मॅनेजर स्वतः शेतावर जाऊन पाहणी करतील आणि ग्राहकाला उत्तर देतील. मॅनेजर, योगेश सर.” मग त्या म्हणाल्या, “पायरी सरांनीच सांगितली होती. खरी तक्रार आलीच आहे तर याच्यावरच तपासून बघू. चालत असेल तर ठेवू, नसेल तर आत्ताच बदलू.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“सर, पहिली पायरी तुमची,” मॅडम म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यांसमोर गाव आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो नर्सरीची गाडी घेऊन गावी जायचा, काळा चष्मा लावून पारावर बसायचा आणि सांगायचा, ‘सासरा नावाला आहे, तिकडे माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही.’ आता त्याच पारावरून, सगळ्यांच्या देखत, फकिरा आबाच्या वावरात जायचं. बांधावर भावकी गोळा होणार. चुलते येणार, शाळेतले दोस्त येणार. आणि त्यांच्यासमोर लिंबाएवढे गड्डे हातात घेऊन म्हणायचं, हे मी केलं.

“मी पैसा मांगाले नही उनू,” फकिरा आबा म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त बोचत होता. “माले लोके हसतस. तू फक्त मना वावरमा चाल. बठ्ठास्ना समोर उभा ऱ्हाय, आनि सांग.”

अण्णा जावयाकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता. म्हातारा वाट बघत होता. उठा जावईबापू, एकदा उठा, म्हणजे मी तिसरं नाव तुमचं लिहितो, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि योगेशला ते वाचताही आलं. मागायचं होतं ते सगळं समोर होतं. फक्त जीपमध्ये बसायचं होतं.

तो अर्धवट उठला. खुर्चीच्या हातावर हात टेकून तसाच थांबला. मग खाली बसला.

“मला आज बँकेत जायचंय,” तो म्हणाला. “नाशिकला. वाल्मीकच जाईल.”

वाल्मीक हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं तोंड फिरवलं.

शेजारच्या टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज आला. मनीषा उठली होती. तिनं पदर खोचला, खाली वाकून विखुरलेली झाडं एकेक करून पोत्यात भरली आणि म्हणाली, “आबा, चला. मी येते.”

“तू?” अण्णा म्हणाले. “तुझं काय काम तिथं?”

“माझं सासर हाय ते अण्णा. कुळधर्माला, लग्नाकार्याला मला तिथंच जावं लागतं. ह्यांना तोंड लपवता येईल, मला कसं लपवता येईल?” तिनं दारातून हाक मारली, “सहादूभाऊ, ताजे ट्रे गाडीत टाका आन् तुम्ही पण बसा.” मग फकिरा आबाकडे वळली. “आबा, रोप आमचं खराब होतं. वावरात उभी राहून सांगते, कोणालाही बोलवा. बोलायचं ते मला बोला.”

फकिरा आबा तिच्याकडे बघत राहिला. भांडायला आलेल्या माणसाला एवढ्या लवकर खरं ऐकण्याची सवय नसते. “चाल माय,” तो शेवटी म्हणाला आणि पोतं त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

जाताना मनीषानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. जीप सुरू झाली, रस्त्याला लागली आणि सटाण्याच्या दिशेनं गेली.

खोलीत भिंतीवरचं पान तसंच उजळलेलं होतं. उज्वला मॅडमनी घसा साफ केला. “अण्णा, ही पायरी बदलू? शेतावर कोण जाणार, तिथे मनीषाताई लिहू?”

“लिहा.”

“आणि मंजुऱ्या? त्या सरांच्याच ठेवायच्या? मंजुरी एकाची, उत्तर दुसऱ्याचं, असंही लिहिता येतं. आजपर्यंत तुमच्याकडे तसंच चाललं होतं.”

घरचा कायदा मोडायला म्हाताऱ्याला वेळ लागला. मग ते म्हणाले, “नाय. जो उत्तर देईल, त्यानंच हो म्हणायचं. दुसऱ्यानं नाय.”

मॅडमनी पहिलं पान काढलं. बुकिंगची मंजुरी गेली. बियाण्याची गेली. कोकोपीटची, गाडीची, वय उलटलेल्या रोपांची गेली. प्रत्येक वेळी त्या ‘योगेश’ खोडायच्या, ‘मनीषा’ लिहायच्या आणि पुढच्या कामावर जायच्या. घाई नव्हती त्यांना. साहेबानं सांगितलं होतं तसं, क्लायंट म्हणत होता ते त्या लिहीत होत्या. योगेश खुर्चीत बसून ते बघत होता.

“शेवटच्या पानावर पूर्ण नावं लागतील,” मॅडम म्हणाल्या. “अण्णा आणि वाल्मीक यांची आहेत माझ्याकडे. तिसरं?”

“कंपनीच्या कागदावर पण तेच जाईल,” अण्णा वाल्मीकला म्हणाले, जणू त्याची परवानगी घेत होते. वाल्मीकनं मान हलवली. मग अण्णांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, “मनीषा योगेश देवरे.”

उज्वला मॅडमनी ते टाइप केलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव उमटलं. अकरा वर्षं ज्यासाठी योगेश झुरला होता ते नाव आज कागदावर आलं होतं, बायको आणि आडनाव यांच्या मधोमध.

“बरोबर आहे ना, सर?” मॅडमनी त्याच्याकडे वळून विचारलं.

“बरोबर आहे,” योगेश म्हणाला.